चरकापाशी सुजाता रडते तवा

रवि. ५ जानेवारी १९७५
आज लय आनंद. सून शालन शिराळ्याहून, म्हायेराहून, बाळ घेऊन आली. दोन महिन्यांची नात माझी, सुजाता. नाक माझ्यावर गेलंय. शालन म्हणती, आवाज बी तुमच्यावरच गेलाय आत्या. लेकाला, अंकुशला, पलटणीत कळवायचंय, उद्या लिवीन. उद्यापास्नं दोघी गुऱ्हाळावर. मी चरकाला ऊस लावणार, ती चिपाडं वाळवणार. झोळी आंब्याला बांधायची.

सोम. ६
सुजाता रडली की माझी मान तिकडं वळती, हात मातुर ऊस घेऊन पुढंच चालतो. आज बोटं चरकाच्या रुळापास्नं चार अंगुळांवर गेली. तातोबा गुळव्यानं रस कढवायच्या काहिलीवरनं बघितलं. म्हणाला, "हौसाबाई, नातीला उचलायचं आसंल तर हाताकडं बघ." परत आसं झालं तर चरकावर शालनला बसवतो म्हणाला. शालनला! बाळंतपणानं निम्मी झालेली पोर, बसल्या जागी डुलकी घेती. तिचा हात तिथं गेला तर
न्हाई लिवत.
अंकुशचं पत्र ऱ्हायलं.

रवि. १२
विहारात भंतेंना इचारलं, मन ठिकाणावर ऱ्हात न्हाई, काय करू. भंते अजून तरणे हायेत, टाचा फुटल्यात बिचाऱ्यांच्या. कोकमतेल लावा म्हणून मी सांगणार होते, इसरले. ते म्हणाले श्वास बघा. आत आला, भाईर गेला, तेवढंच. मन पळालं तर रागवू नका, माघारी आणा. डोळे मिटून बसवलं. तीन श्वासांत मी शिराळ्याला, तिथनं आईच्या परसात, मग पीठ संपलंय हे आठवलं.
तरी घरी रोज करणार.

बुध. १५
चरकापाशी सुजाता रडली, मला वाटलं आता श्वास बघावा. आन डोळे मिटले. शिकवलं तसंच केलं की मी. पदर रुळात ओढला गेला. तातोबानं इंजन बंद केलं. वीतभर लुगडं फाटलं, तेवढ्यावर भागलं.
"झोपलीस व्हय गं?"
श्वास बघत होते, हे त्याला काय सांगू? शालन रडली. तातोबा म्हणाला, सोमवारी शेवटचं बघतो.

रवि. १९
भंतेंना समदं सांगितलं. मला वाटलं हसतील. म्हणाले चूक माझी हाय, काम काय करता ते इचारलंच न्हाई. मग म्हणाले, "आजी, तिथं ऊसच तुमचा श्वास. डोळे उघडे ठेवा. मन जाणारच. आदी हात मांडीवर घ्या, मग मन जाऊ द्या."
टाचांना लावाय कोकमतेल दिलं त्यांना. भंते लाजले.

सोम. २०
ऊस. हात. माघारी. ऊस. हात. माघारी. सुजाता आठदा रडली, आठदा हात मांडीवर. तातोबाची कुरकुर, रस थांबतोय म्हणून. शालनला बसवतो म्हणाला न्हाई. मी खुशीत दोन भाकऱ्या जादा खाल्ल्या. पोट दुखतंय.

गुरु. २३
आज ती रडलीच न्हाई.
सकाळी बरं वाटलं. ऊस, हात, माघारी, सुरेख चाललं. मग उन्हं डोक्यावर आली तरी आवाज न्हाई. शालन चिपाडं पसरायला लांब गेलेली. रडण्याची सवय झाली होती मला, न रडण्याची न्हवती. मान वळाय लागली.
आदी हात. दोन्ही मांडीवर घेतले, बघितले बी. मगच उठले. चरक रिकामा फिरत ऱ्हायला, तातोबा वरडत ऱ्हायला.
झोळीत ती जागीच. टक्क डोळे उघडे, आंब्याच्या पानांकडं. मी तिच्या पोटाकडं बघत उभी. वर आलं, खाली गेलं. वर आलं, खाली गेलं. कितींदा कुणास ठाऊक, मन कुठंच गेलं न्हाई.
दोन्ही हातांनी उचललं तिला.
तातोबा येऊन बाजूला उभा ऱ्हायला. उद्या चरकावर कोण, म्हणून मीच इचारलं. तो बाळाकडं बघत म्हणाला, "उद्याचं उद्या बघू."