ओढ्याचं पहिलं पाणी

३ मार्च
आजपासून रागावायचं नाही. डॉक्टरने बजावलंय. लाँड्री चालवणाऱ्या माणसाने थंड डोक्याने राहिलं पाहिजे.

सकाळी हॉस्पिटलमधून चादरींचे गठ्ठे परत आले. आमच्याकडेच धुतलेले. मेट्रन फोनवर म्हणाली, पेशंट विचारतात, ही चादर आधी कोणी वापरली होती? असंच चाललं तर दुसरीकडे देऊ. हॉस्पिटल गेलं की लाँड्रीला कुलूप, हे तिलाही माहीत आहे.

दोष धुण्याचा नाही, पाण्याचा आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला माझ्या साडूची रोपवाटिका. खतं, फवारे, देव जाणे काय काय सोडतो. हिच्या बहिणीला जगात दुसरा नवरा मिळाला नाही.

रागावलो नाही. फक्त बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती. अंगठा सुजलाय.

४ मार्च
झकास बातमी. सरकारचा नवा नियम आला. जो पाणी बिघडवेल त्याच्यावर कारवाई. शिवाय ओढा स्वच्छ राहावा म्हणून उन्हाळ्यात ठरावीक पाणी वाहतंच ठेवायचं. कमी पडलं तर ज्याचा हक्क सर्वांत नवा, त्याचा पंप आधी बंद.

मला काय त्याचं! आमचा हक्क आजोबांच्या काळापासूनचा. ओढ्याचं पहिलं पाणी आमचं. साडू कालचा पोर.

तक्रार करणार. ही म्हणाली, अहो, आधी भाऊजींशी बोलून तर बघा. त्याच्याशी? आमचा जुना पंप वर होता, त्याच्या जागेतून जावं लागायचं. एकदा शेळ्या शिरल्या आणि रोपं खाल्ली, तर चार लोकांत मला म्हणाला, "साडूबुवा, फाटक लावत चला." मला! गेल्या वर्षी पाइपच उपटला आणि खाली वळणापाशी नेला. आपली जागा, आपला पाइप, कुणाच्या फाटकाचे उपकार नाहीत. याला स्वाभिमान म्हणतात.

७ मार्च
तक्रार दिली. सही करताना पेन मोडलं.

आमचा इस्त्रीवाला म्हणाला, मालक, वळणापाशी फेस येतोय. ही जाऊन हुंगून आली. म्हणाली, लिंबाचा वास येतोय, आपल्याच पावडरीचा.

म्हणजे बघा साडूचा कावा! मुद्दाम माझ्याच ब्रँडची पावडर आणून ओढ्यात ओततो, आळ माझ्यावर यावा म्हणून. हे सांगितल्यावर ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने असावं.

तक्रारीला पुरवणी जोडली.

१२ मार्च
पाणी खात्यातून कोणी येत नाही. फोनवर ओरडलो. पलीकडचा म्हणाला, साहेब, एवढी घाई आजवर कोणी केली नव्हती. म्हटलं, प्रामाणिक माणसाला कशाची भीती?

हॉस्पिटलच्या चादरी दोनदा धुतल्या. आणखीच मळक्या झाल्या. साडू दिवसेंदिवस निर्ढावत चाललाय.

१५ मार्च
अखेर आली. बाटल्यांची पेटी घेऊन फिरणारी तरुण अधिकारी. तिचं नाव मी बाटलीबाई ठेवलंय. साडूच्या जागेखाली एक बाटली भरली, माझ्या पाइपापाशी एक. मग विचारलं, तुमचं सांडपाणी कुठे जातं? म्हटलं, ही काय मोरी, सरळ ओढ्यात, आजोबांपासून. तिने मोरीकडे पाहिलं, मग उताराकडे, मग वळणाकडे. पुन्हा मोरीकडे. पोरगी जरा मंद वाटली.

पाइप कधीपासून इथे? मी सगळं सांगितलं. हलवल्याचा दिवस, कारण, शेळ्यांसकट. परवानगी घेतली होती का म्हणे. स्वतःच्या जागेत स्वतःचा पाइप हलवायला परवानगी कसली? खडसावूनच सांगितलं, मी कुणाला विचारत नसतो. तिने लिहून घेतलं. म्हटलं, अधोरेखित करा.

हे सगळं चालू असताना ही मागे सारखी खोकत होती. तिच्यासाठी औषध आणलं पाहिजे.

२२ मार्च
साडूला निरोप द्यायचा होता, पंप काढायची तयारी ठेव. ही न्यायला तयार नाही. म्हणून फाटकाबाहेर उभा राहून मीच ओरडलो. तो वाफ्यातून म्हणाला, "अहो, बाहेर का? आत या, चहा टाकतो." घाबरलाय.

३० मार्च
निकाल लागला.

साडूच्या जागेखालचं पाणी स्वच्छ. माझ्या पाइपापाशी साबण. माझी मोरी वर, माझा पाइप खाली. त्यांचं म्हणणं, वर्षभर मी चादरी माझ्याच सांडपाण्यात धुतोय. त्यांचं म्हणणं. विज्ञानात दोन मतं असतात.

पुढे ऐका. आजोबांचा हक्क म्हणे जुन्या जागेचा. परवानगीशिवाय पाइप हलवला, म्हणून तो इथे चालत नाही. इथला हक्क नव्याने धरायचा. ओढ्यावरचा सर्वांत नवा माणूस कोण? मी! पाणी कमी आहे, परवापासून माझा पंप बंद.

बाटलीबाईला विचारलं, तक्रार करणारा मी आणि पाणी माझंच तोडता? म्हणाली, काका, तुमची तक्रार शंभर टक्के खरी निघाली.

काका!

मोरीला टाकी बांधून साबण अडवा, पाइप जुन्या जागी न्या, जुना हक्क परत मिळेल म्हणाली. पण वाट साडूच्या जागेतून. त्याची संमती हवी. म्हटलं, प्राण गेला तरी नाही.

१ एप्रिल
पंप बंद. मशीन बंद. मेट्रनने आठवड्याची मुदत दिली, तीही हिने फोनवर गयावया केल्यावर.

हिला म्हटलं, बहिणीकडे सहज जाऊन ये, विषय काढ. म्हणाली, ओरडायला तुम्ही गेला होतात, विचारायलाही तुम्हीच जा.

लाथ मारायला बादली शोधली. हिने सगळ्या माळ्यावर ठेवल्यात.

२ एप्रिल
गेलो. विचारायला नव्हे, जुनी जागा बघायला. तिथवर गेलोच होतो म्हणून विचारलं.

साडूने काही न विचारता सही केली. टाकीसाठी गवंडीही सुचवला. माझी आधीच नाजूक तब्येत आणखी बिघडवायला एवढं पुरे होतं. पण खरा अपमान त्याआधीच झाला होता.

त्याचं फाटक उघडून आत गेलो. दोन पावलं टाकली. मग मागे वळलो आणि फाटक लावलं. कडीसुद्धा घातली.

तो वाफ्यातून बघत होता. काही बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.