घोरासुराची चाल

नाशिक,
९ नोव्हेंबर २००८

तीर्थरूप रावजीकाकांना,
मयूरचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पाड्यावर मोबाईलला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीवर, आणि काकू तुम्हाला टाकीवर चढू देत नाही, म्हणून पत्र. शिवाय फोनवर तुम्ही ‘बरं आहे, ठेवतो’ एवढंच बोलता. पत्रात मात्र चार पानं रागावता. मला ती चार पानं हवी असतात.

इकडे सगळं ठीक. बाबांना सातपूरच्या कारखान्यात या महिन्यात दुसरी पाळी आहे. मी अजून त्याच दुकानात आहे, लग्नांचं शूटिंग करतो. मुहूर्त नसले की मालक कॅमेरा घरी नेऊ देतात, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

मी, अमोल आणि निकिता मिळून एक मालिका करतोय. टीव्हीवर नाही, इंटरनेटवर. वेब सिरीज म्हणतात तिला. सात-सात मिनिटांचे भाग, आणि त्यात कोणी साधं बोलतच नाही. भांडायचं झालं तरी गाण्यात. घोरासुर नावाचा खलनायक अंगाई म्हणून अख्खं नाशिक झोपवतो. सीबीएस बसस्टँडवर कंडक्टर घंटीची दोरी धरून झोपतो, पंचवटीत भाजीवाली तराजू धरून. मग चहावीर किटली घेऊन येतो आणि कडक गाणं म्हणून सगळ्यांना उठवतो. चहावीर निकिता आहे. उंची पाच फूट, पण आवाज आगीच्या बंबासारखा. घोरासुर मी. पोटाला गादी बांधतो.

अडलंय ते संगीतापाशी. अमोलच्या कीबोर्डमधून जे निघतं ते सगळं मोबाईलच्या रिंगटोनसारखं वाटतं. मला लहानपणचा आपला बोहाडा आठवतो. मुखवटे घातलेली सोंगं नाचत यायची आणि प्रत्येक सोंगाची सांबळ-पिपाणीवर वेगळी चाल असायची. पिपाणीवाल्या भिमाजीबाबांकडून देवीची एक आणि राक्षसाची एक, अशा दोन चाली कॅसेटवर भरून पाठवाल का?

काकूला नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण पाठ फिरवू नका एवढीच विनंती.

तुमचा,
मयूर


हरसूल,
२१ नोव्हेंबर २००८

चि. मयूर यास,
रावजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. आधी लाल शाई. तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहितात, काका तीर्थस्वरूप असतो. छत्तीस वर्षे शाळेत हेच शिकवले आणि घरच्याच पोराने दिवा लावला.

आता कौतुक. घोरासुर मला आवडला. तुझी काकू म्हणते, तिच्या घरात घोरासुर तीस वर्षे राहतो आहे आणि त्याला गादी बांधावी लागत नाही. मी तिकडे दुर्लक्ष केले.

कॅसेट सोबत आहे. भिमाजीला चहा पाजून ओसरीवर बसवले. एका बाजूला देवीची चाल आहे, एका बाजूला आपल्या राक्षसाची. मध्ये कोंबड्याने दोनदा तोंड घातले आहे, ते सांभाळून घे.

राक्षसाचे सोंग आपल्या घराचे, हे तुला आठवत असेल. माझे आजोबा नाचले, वडील नाचले आणि मी एकतीस बोहाडे नाचलो. रीत अशी की घरातला माणूस उभा राहील तोवर सोंग त्या घरात. उभा राहिला नाही तर पंच मुखवटा दुसऱ्या घरी देतात, आणि गेलेला मुखवटा परत येत नाही. माझे गुडघे अलीकडे माझे ऐकत नाहीत, पण तेल चोळणे चालू आहे. तुझ्या वडिलांचे म्हणशील तर तो नाचला की गाडीतून पोती उतरवल्यासारखे वाटते. आणि आम्हाला तर मूलबाळ नाही. असो. यंदाचे यंदा बघू.

अभ्यास सोडलास तो सोडलास, जेवण सोडू नको. आमची माया आहे तशीच आहे.

तुझा,
रावजीकाका


नाशिक,
१८ जानेवारी २००९

तीर्थस्वरूप काकांना,
(बघा, सुधारलो) मयूरचा शि. सा. न. वि. वि.

काका, आपली मालिका इंटरनेटवर चढली. एक भाग चढवायला सायबर कॅफेत अख्खी दुपार जाते, आणि नव्वद टक्के झालं की लाईट जाते. तरी तीन भाग झाले. चारशे बारा लोकांनी पाहिले. दुबईहून कोणीतरी लिहिलंय की घोरासुराची अंगाई ऐकून त्यांचं बाळ खरंच झोपलं.

हे सगळं तुमच्या कॅसेटमुळे. कोणती चाल कोणाची हे तुम्ही कॅसेटवर लिहिलं नव्हतं, पण ऐकल्याबरोबर कळलं. एक कशी उसळत, छाती पुढे काढून येते. ती चहावीरला दिली. दुसरी संथ, गोल गोल फिरते, ऐकता ऐकता डोळे जड होतात. ती घोरासुराला. अमोलने कोंबडासुद्धा काढला नाही, म्हणाला, हा आमच्यापेक्षा सुरात आहे.

सीडी पाठवतोय. हरसूलला धनराजच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती लागेल. काकूला पुढच्या बाकावर बसवा.

बोहाड्याला यावंसं फार वाटतं, पण तेव्हाच लग्नांचा हंगाम असतो. यंदाही जमेलसं वाटत नाही.

कॅसेटइतकंच प्रेम परतही पाठवत जा.

तुमचा,
मयूर


हरसूल,
१० फेब्रुवारी २००९

चि. मयूर यास,
अनेक आशीर्वाद.

बाजाराच्या दिवशी धनराजच्या क्लासमध्ये तुझी मालिका लावली. चाळीस माणसे आणि एक शेळी जमली होती. काय झाले ते तुला कळायलाच हवे, म्हणून क्रमाने लिहितो.

तू पोटाला गादी बांधून जांभई देत आलास आणि मागे देवीची चाल सुरू झाली. रंगूबाई उठून उभी राहिली आणि तिने हात जोडले. फुलाबाईने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला. कोणीतरी कॉम्प्युटरपुढे चिमूटभर तांदूळ ठेवले. तू घोरत होतास आणि अख्खी खोली तुझ्या पाया पडत होती. पुढे ती किटलीवाली पोरगी आली, तिच्यामागे आपल्या राक्षसाची चाल, आणि लहान पोरे बाकाखाली शिरली. भिमाजी एवढा हसला की त्याचे पागोटे सुटले. मग सगळेच हसले. मीही हसलो.

बाहेर पडताना गोरख जवळ आला. तो पंचांत आहे. हळूच म्हणाला, मास्तर, पोराला घरची चाल ओळखू येत नाही. चिडवून बोलला असता तर मी उत्तर दिले असते. त्याला खरेच वाईट वाटले होते, तेच मला लागले.

चूक माझी आहे. घरच्या पोराला घरची चाल लिहून द्यावी लागते हे मला सुचलेच नाही. तू सहा वर्षांचा होतास तेव्हा तुझे वडील नाशिकला निघाले, आणि पोराला ने, शिकू दे, असे मीच म्हणालो होतो. तेव्हा आता सांगतो. आपला राक्षस छाती काढून येतो, कारण आपण हरणार हे त्याला ठाऊक नसते. देवी संथ येते, कारण आपण जिंकणार हे तिला ठाऊक असते.

मालिका मात्र झकास आहे. तू तुझी लग्ने सांभाळ, बोहाड्याची काळजी करू नको. तब्येतीला जप, एवढे आमच्यासाठी कर.

तुझा,
रावजीकाका


हरसूल,
२२ फेब्रुवारी २००९

मयूर बाळाला सिंधुकाकूचा आशीर्वाद.

लिहिणारी अंगणवाडीची सविता हाय, बोलणारी मी हाय. तिला सांगितलंय, माझं बोलणं सुधरवू नको. तुझ्या काकाला ह्या पत्राचं ठावं नाय.

गुडघ्यांना तेल चोळतो असं त्यांनी लिहिलं असंल. तेलानं काय होतं? नाशिकच्या डॉक्टरनं दिवाळीतच सांगितलंय, आता नाचायचं नाय, नायतर काठीबी पुरायची नाय. होळीच्या आदल्या बाजारी पंच बसणार हायत. आपल्या घरातून कोण उभं राहतं विचारतील. यांना खाली मान घालून बसावं लागंल.

परवा त्यांनी माळ्यावरून मुखवटा खाली काढला. नवा रंग दिला, डोळ्यांना लाल, मिशीला काळा. मी म्हणलं, नाचायचं नाय तर रंगवता कोणासाठी? तर म्हणाले, दुसऱ्याच्या घरी द्यायचा तो मळका कसा द्यावा. मग फडक्यानं पुसत बसले, लेकराचं तोंड पुसावं तसं. तीस वर्षांत मी त्यांना रडताना पाह्यलं नव्हतं. परवा पाह्यलं.

मी तुला ये म्हणत नाय. तुझं काम हाय, तुझं शहर हाय. घरात नवे तांदूळ हायत आणि नागलीचं पीठ दळून ठेवलंय, एवढंच सांगते.

तुझी,
काकू

(मयूरदादा, काकूंनी शेवटी डोळे पुसले. ते लिहू नको म्हणाल्या, पण मी लिहिलं. - सविता)


नाशिक,
२८ फेब्रुवारी २००९

तीर्थरूप काकांना,
मयूरचा शि. सा. न. वि. वि.

लाल शाई उघडू नका. वर जे लिहिलंय ते विचार करून लिहिलंय.

तुमचं पत्र मी सात-आठ वेळा वाचलं. मग आपली मालिका पुन्हा लावली आणि मला लाज वाटली. चाल चुकली म्हणून नाही. ऐकल्याबरोबर कळलं, असं मी तुम्हाला ऐटीत लिहिलं होतं म्हणून. तुम्ही कॅसेटबरोबरच्या पत्रात गुडघ्यांचं लिहिलं होतं आणि उत्तरात मी गुडघ्यांचा ‘ग’ही काढला नाही.

शुक्रवारच्या एसटीने येतोय. हंगामातली लग्नं दुकानातल्या दुसऱ्या पोराला दिली. मालक चिडले, म्हणाले, राक्षस व्हायला कोणी नोकरी सोडतं का? मी म्हणालो, आमच्याकडे सोडतात. पंचांना सांगा, रावजी मास्तरांच्या घरातून माणूस उभा आहे. त्याला नाचता येत नाही हे सांगू नका, ते त्यांना दिसेलच. बोहाड्यापर्यंत दीड महिना हातात आहे. छडी काढून ठेवा.

शेवटचा भाग अजून लिहायचा आहे. अमोल म्हणतो, घोरासुराला उकळत्या चहात बुडवू. निकिता म्हणते, तिला घोरासुराला मारवत नाही, त्याची चाल फार गोड आहे. तुम्ही सांगा, राक्षस कसा मरतो.

हे सगळं माझं मीच ठरवलंय, मला कोणी काही कळवलेलं नाही. काकूला सांगा, नागलीची भाकरी मला ठेच्याबरोबर लागते.

मी पोचेपर्यंत माझ्यावरचा राग संपवू नका.

तुमचाच,
मयूर


हरसूल,
५ मे २००९

चि. मयूर यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुला जाऊन आठ दिवस झाले. तोंडावर बोलता आले नाही ते लिहितो.

तुझे ते मागचे पत्र आले तेव्हा सवयीने लाल पेन हातात घेतले होते. टोपण लावून परत खिशात ठेवले. काकूने विचारले, काय झाले? मी म्हणालो, काही नाही, पोराचे बरोबर आहे.

नाच तुला फारसा आला नाही. तिसऱ्या फेरीत उजवीकडे वळायचे तर तू डावीकडे वळलास आणि थेट बायकांत शिरलास. पण माझे पागोटे सोडून मी तुझ्या डोक्याला मुखवटा बांधला, आपली चाल सुरू झाली आणि तू छाती काढून निघालास, तेव्हा माझे गुडघे आपोआप हलले. मी खुर्चीत बसून तो बोहाडा नाचलो. माझा बत्तिसावा.

पुढचे तू पाहिले नाहीस, कारण तू हजर असून हजर नव्हतास. देवीने मारले की राक्षसाने पडून राहायचे, आणि बाया आधी देवीला व मग त्यालाही ओवाळतात. ओवाळून झाले की त्याने उठायचे. तू पडलास तो छान पडलास. देवीची आरती झाली, तुझी झाली, पण तू उठेनास. रंगूबाई घाबरली. तेवढ्यात मुखवट्याच्या आतून घोरणे ऐकू आले. दीड महिन्याचा शीण, आणि वर तो पोकळ मुखवटा. पार शाळेपर्यंत आवाज गेला असेल. पोरे ओरडली, घोरासुर आला. माणसे हसून लोळायची बाकी राहिली. कोणी म्हणाले, उठवा त्याला. मी उठवू दिले नाही. भिमाजीने आपणहून देवीची चाल धरली, अगदी हलकी, झोप मोडू नये अशी. मी तुझ्या उशाशी बसून राहिलो.

गोरख शेजारी येऊन बसला. मुखवट्यापाशी कान नेला. मग म्हणाला, “मास्तर, चाल शिकवावी लागली. घोरणं मात्र घरचंच हाय.”

तुमचा शेवटचा भाग काल धनराजने दाखवला. घोरासुराला कोणी मारत नाही, त्याला ओवाळून झोपू देतात, आणि चहावीर सकाळपर्यंत स्टो बंद ठेवते. बरे केलेस. देवीची चाल लागताच फुलाबाईने पुन्हा चपला काढल्या. या वेळी तिला सगळे ठाऊक होते, तरी काढल्या.

मुखवटा माळ्यावर ठेवला आहे. पुढच्या होळीला रंग तू द्यायचा. जेवत जा, आईवडिलांना आमचा नमस्कार आणि आशीर्वाद कळव. आमचा जीव तुझ्याकडे लागलेला असतो, हे विसरू नको.

तुझा,
काका

ता. क. भिमाजीकडून कॅसेट पुन्हा भरून घेतली, ती सोबत पाठवतो. या वेळी दोन्ही बाजूंना नावे लिहिली आहेत. एका बाजूला ‘देवीची’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मयूरची’.