हयातीचा दाखला

३ नोव्हेंबर
मंगळवेढ्याहून सकाळच्या एसटीने सोलापुरात आले. पहिलीच नोकरी! सिद्धलिंगप्पांच्या सेवा केंद्रात पेन्शनवाल्या म्हाताऱ्या माणसांचे अंगठे घेऊन हयातीचे दाखले काढायचे. अंगठ्याचं मशीन आठवडाभर बंद होतं. कॉम्प्युटरला ते दिसायचं, पण अ‍ॅप म्हणायचं, मशीनच जोडलेलं नाही. मशीन चालवणारं जुनं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, अडून बसलं होतं. ते काढलं, नवं टाकलं, अ‍ॅप पुन्हा सुरू केलं आणि काचेखाली लाल दिवा लागला. अप्पांनी खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला.

५ नोव्हेंबर
मंद्रूपच्या बसव्वा आल्या. खुरपून खुरपून बोटं झिजलेली. नऊ वेळा अंगठा ठेवला, जुळेना. मागे रांग कुरकुरायला लागली. अप्पांनी डोळ्यांनी खुणावलं. मी टेबलाखालून मशीनची वायर उपसली आणि मशीन बिघडलंय, उद्या या, म्हणून सांगितलं. त्या वळल्यावर वायर परत जोडली. रांग सरकली. फार वाईट नाही वाटलं.

७ नोव्हेंबर
बसव्वा आज तिसऱ्यांदा आल्या. मी पुन्हा वायर काढली. या वेळी त्यांनी वाकून पाहिलं. “तार तुज्याच हातात हाय की गं. मी जिती न्हाय व्हय?” मग उन्हात पायरीवर बसून राहिल्या. दुपारी हलवलं तर अंग गार. अप्पांनी शटर ओढलं.

१० नोव्हेंबर
वायर काढलेली होती, तरी अ‍ॅपमध्ये नोंद आली : बसव्वा, अंगठा जुळला, हयात. ड्रायव्हर दोनदा काढून टाकला. कॉम्प्युटरच्या आतली नोंदवही तपासली, त्या वेळी मशीन जोडलेलंच नव्हतं. नोंदी येतच आहेत. काच प्रत्येक वेळी ओली.

१२ नोव्हेंबर
अप्पांनी चिडून स्वतःचा अंगठा ठेवला. पडद्यावर एकच शब्द : मृत. ते हसले. मग बोटं पाहिली. दहाही गुळगुळीत, एक रेघ नाही. संध्याकाळी मी विनवलं, मंद्रूपला जाऊन माफी मागू. म्हणाले, मेलेल्यांची कसली माफी.

१३ नोव्हेंबर
अप्पा गेले. सकाळी खुर्चीतच सापडले. डॉक्टर म्हणतात, काल दुपारीच गेलेत. पण संध्याकाळी तर ते माझ्याशी —

१४
मंद्रूपला गेले. बसव्वांची लेक केराबाई भेटल्या, त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. “मला कशाला सांगतीस? तिला सांग की. तुज्या मागंच हुबी हाय.”

१५
मशीन फोडलं. तरी पडद्यावर माझं नाव — संघप्रिया, हयात. कुणीतरी ‘हयात’ हा शब्द पुसतंय. एकेक अक्षर. डाव्या हाताच्या रेघा गेल्या. उजव्या अंगठ्यावर एकच उरलीय — बसव्वा, चुकले मी — मी जिवंत आहे, बघा, मी लिहिते आहे, मी लि