झिऱ्याचा पत्ता

पुंडलिकनगर, औरंगाबाद
सोमवार, १६ मे २०१६

प्रिय दादा,

शुक्रवारी मी वाडीवर आले आणि तुझ्या दारावरून तशीच परत फिरले, हे एव्हाना तुला चार जणांनी सांगितलं असेल. वहिनी म्हणाली असेल, बाना आता शहराची झाली, तिला भावाच्या घरचा चहा गोड लागत नाही. मातीवरून आलेल्या माणसानं कुणाच्या घरात शिरू नये म्हणून ती गेली असेल, असंही कुणी समजावलं असेल. दोन्ही खरं नाही. फकिराकाकांची माती उरकल्यावर मी हौदावर हातपाय धुतले, तुझ्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावरूनच मागं वळले. तीन वर्षांपूर्वी तुझं आणि काकांचं जे तुटलं, त्यातली एक गोष्ट मला ठाऊक आहे आणि तुला नाही. ती सांगायला हे पत्र लिहिते आहे. फोनवर जमत नाही. फोनवर तू मधेच 'बरं हाय ना समदं?' म्हणतोस, मी व्हय म्हणते, आणि विषय तिथंच बसतो.

तसे इकडं बरे आहोत. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही तासभर. ह्यांचा गुडघा पुन्हा धरलाय, पण ड्रम भरायच्या दिवशी तोच गुडघा बरोबर तीन जिने चढतो. गच्चीवरचा कढीपत्ता गेला. संस्कृती पुण्याला नोकरीवर रुळली, आठवड्यातून एकदा फोन करते आणि मी जेवले का ते विचारते, जणू मीच तिची लेक. तिनंच जाताना मला तो ब्लॉग काढून दिला होता, तुला आठवत असेल. शाळेच्या ऑफिसातून आले की बायका मालिका बघतात, तू लिहीत बस म्हणाली. नाव ठेवलं 'इकडचं तिकडचं'. त्यात काय नव्हतं! सिटी बसमध्ये रोज स्वेटर विणणारी बाई, टँकरच्या रांगेतली भांडणं, अंबाडीची भाजी, चिमण्यांसाठी ठेवलेली परात, घोंगडी धुवायची आपली रीत, मोंढ्यातला एक म्हातारा पाटीवाला. एका बोटानं टाइप करायची मी, एका पानाला दोन संध्याकाळी जायच्या. वाचणारे सतरा, त्यातले दोन आमच्याच घरातले. तुला मी हौसेनं समजावून सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, 'म्हंजी पाराच्या भित्तीवर लिव्हल्यावानीच की. येनारा-जानारा कुनी बी वाचील.' मी हसले होते. मला वाटलं, दादाला यातलं काही कळत नाही.

आता झिऱ्याबद्दल. आपल्या आबांची पद्धत तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तरी लिहिते, कारण लिहिताना ती मलाच नीट दिसते. पाणी कुठं आहे हे आबांनी आयुष्यात कुणाला तोंडानं सांगितलं नाही. लांबचा मेंढपाळ आला आणि विचारू लागला की हातातली भाकरी खाली ठेवायचे, घोंगडी खांद्यावर टाकायचे आणि त्याच्या सोबत चालायला लागायचे. मी एकदा विचारलं, नुसतं बोट दाखवलं तर काय बिघडतं? तर म्हणाले, 'संगं गेलं की त्याची मेंढरं मोजता येत्यात. अन् त्याला बी कळतं, हितं आपल्या आधी कुनीतरी पितंय.' तेही खालच्या ओढ्यापर्यंतच; वरच्या अंगाला, कातळाच्या पोटातला तो झिरा दोनच घरांना ठाऊक होता, आपल्या आणि फकिराकाकांच्या. बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा तो आटला नव्हता, असं काका सांगायचे. दोन्ही घरची मेंढरं पाळीपाळीनं प्यायची आणि कधी भांडण झालं नाही.

दोन हजार तेराच्या संक्रांतीला मी आले होते. चारी बाजूला करपलेलं रान, तूर गेलेली, हरभरा गेलेला, आणि तू मला मेंढरांमागं झिऱ्यावर घेऊन गेलास. मी किती वर्षांनी तिथं वाकून ओंजळीनं पाणी प्यायले. तूच माझा फोटो काढलास, माझ्याच मोबाइलवर. कोपऱ्यात तुझा अंगठा आलाय. तुझ्या हातचा माझा तेवढाच फोटो आहे, दादा.

घरी आल्यावर मी त्यावर लिहिलं. 'माझ्या माहेरचा झिरा'. इतकं मनापासून मी आधी कधी लिहिलं नव्हतं. आबा आले त्यात, तू आलास, फकिराकाका आले, तो फोटोही घातला. गावाचं नाव मात्र घातलं नाही, आणि स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते. तिसऱ्या दिवशी खाली एका माणसानं लिहिलं, 'ताई, वाचून गावाकडची आठवण आली. कुठं आहे हे? एकदा डोळ्यांनी बघायचंय.' दादा, तोवर घराबाहेरच्या कुणी मला एकही प्रश्न विचारला नव्हता. मी ते ह्यांना वाचून दाखवलं, संस्कृतीला फोन करून वाचून दाखवलं. आणि मग बसून उत्तर लिहिलं. अकरा ओळींचं. पिशोरच्या पुढं कोणता फाटा, कोणत्या पळसापाशी वळायचं, गाडी कुठवर जाते, पुढं पायी किती. उन्हाळ्यातही आटत नाही, हेसुद्धा लिहिलं. शेवटी लिहिलं, जरूर या.

मार्चात तुझा फोन आला. झिऱ्यावर इंजन बसवलंय, पाइप टाकलेत, दिवसाला सहा-सहा टँकर जातायत. शहराकडं येणाऱ्या रस्त्यावर कुठल्या तरी बिल्डरची रो-हाउसची स्कीम चाललीय, तिथल्या स्लॅबवर मारायला पाणी. तू बोलत होतास आणि मी माझ्या त्या अकरा ओळी आठवत होते. फोन ठेवल्या ठेवल्या मी ते पान काढून टाकलं, फोटोसकट, त्या अकरा ओळींसकट. काढून टाकल्यावर जणू ते कधी लिहिलंच नव्हतं, असं मी स्वतःला पटवत राहिले. बावीस दिवसांत झिऱ्यात चिखल उरला.

तू फकिराकाकांना टँकरच्या केबिनमधून उतरताना पाहिलंस. दोनच घरांना ठाऊक असलेलं पाणी, त्यातलं एक घर आपलं, मग दुसऱ्याचं नाव घ्यायला तुला वेळ लागला नाही. तुझी तरी काय चूक? वाडीच्या पारावर सगळ्यांसमोर, त्यांच्या वयाचाही मुलाहिजा न ठेवता तू म्हणालास, 'पानी इकलंस तू, फकिरा.' तुझं बोलणं झालं तेव्हा काका खाली बघत उभे होते. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हे सगळं तूच मला फोनवर सांगितलंस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण तू म्हणालास, 'पाठच्या भावानं सुरा मारला असता तर येवढं लागलं नसतं,' आणि मी घाबरले. तुला घाबरले. त्यानंतर आठ दिवसांत तू आबांच्या वेळची एकशे दहा मेंढरं बाजारात उभी केलीस. काकांची तर तुझ्याआधीच गेली होती. ज्यानं पाणी विकलं त्याची मेंढरं आधी कशी मेली, हे वाडीत कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. त्या आठवड्यात मी लिंबाच्या लोणच्यावर लिहिलं. त्याला नऊ जणांनी छान म्हटलं. तीन वर्षं मी असंच काहीबाही लिहीत राहिले, हसतमुख.

यंदा एप्रिलात काकांना इथं घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. शहरात द्वारकाकाकीच्या ओळखीची मी एकटीच, म्हणून तिनं मला फोन केला. मी रोज शाळा सुटल्यावर डबा घेऊन जायचे. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दोन घास खायचे ते. माझ्या मनात रोज यायचं, आज सांगू. बाराव्या दिवशी काकी खाली औषध आणायला गेली, तेव्हा मी त्यांचे पाय धरले आणि म्हटलं, काका, ते पाणी मी... त्यांनी हातानंच थांबवलं मला. म्हणाले, 'ठावं हाय.' टँकर अडवायला ते केबिनमध्ये चढले होते, दादा. हातापाया पडायला. तुला ही जागा कुणी दावली, असं त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, तर त्यानं मोबाइलवर मालकानं धाडलेला फोटो दाखवला. 'तूच व्हतीस की त्यात. ववंजळीनं पानी पेत व्हतीस. लई ग्वाड हसत व्हतीस, पोरी.' मी रडायला लागले. मग का नाही सांगितलंत दादाला, म्हटलं. तर म्हणाले, 'त्रिंबकचं टकुरं तापट. तुला पुन्यांदा वाडीवर पाय ठिवू दिला नसता त्यानं. तुजा बाप असता तर त्यानं बी येवढंच केलं असतं. आता नको सांगू. झालं ते झालं.' मी मान डोलावली. किती सहज डोलावली, दादा.

शुक्रवारी सकाळी ते गेले. गाडीत पुढं हे बसले आणि मागं मी नि काकी, मधे काका, असे आम्ही आलो. वाडीवर खांदा द्यायला काकीचा सोयगावचा भाचा सर्जेराव, त्याचा चुलता आणि हे, असे तिघं. चौथा गाडीचा ड्रायव्हर. पारावरच्या तुझ्या त्या शब्दाखातर वाडीतलं कुणी दारं उघडून बाहेर आलं नाही. पण मी हे पत्र त्यासाठीही लिहीत नाही. फुलंब्री सोडल्यावर काकीनं पदरानं काकांच्या तोंडावरची माशी हाकलली आणि मला अगदी हळू विचारलं, 'बाना, तू शिकलेली हायेस, खरं सांग. ह्यांनी पानी इकलं व्हतं का गं?' चाळीस वर्षं त्या माणसाशेजारी निजली ती, आणि तिलाही खात्री नव्हती. त्यांनी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं, माझ्यासाठी. आणि मी, दादा, मी खिडकीबाहेर बघत राहिले. येत्या रविवारी दहावा आहे. काकांना दिलेला शब्द मी मोडणार आहे. पहिल्या एस.टी.नं येईन आणि ज्या पारावर तू त्यांना बोललास, तिथं उभी राहून काकीला उत्तर देईन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुला ते चारचौघांत पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे आधी लिहिलं. मला जे बोलायचं ते बोल, दार लावायचं तर लाव, मी पारावरूनच परत जाईन. पण रविवारपर्यंत थांबू नकोस. हे वाचून झालं की ऊठ आणि काकीकडं जा. तिला सांग, त्यांनी नव्हतं विकलं. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

अजून तरी तुझीच,
बाना