तुमचा उपासकरी भाचा

भडगाव, जानेवारी १९५४

ती. चुडामणभाऊंस, धाकट्या कुंदाचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले. वहिनींचा खोकला गेला का? नसेल तर नुसते तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

तुमचा भाचा सात महिन्यांचा झाला. आमच्या ताटांवर झेपावतो आणि रात्री भुकेने रडतो. (भूक हे माझे निदान. घरचे निदान दृष्ट.) सासूबाईंनी उपाय काढला, अफूची बाळगोळी. मी धुळ्याला नर्सिंग शिकले, त्या गोळीने श्वास मंदावलेली मुले वॉर्डात हाताळली. मी नाही म्हटले. "नर्सबाई, तुनं शिक्षण दवाखानामा ठेव. आमना बठ्ठा पोरे गोळी खाईसनच मोठा व्हयनात," सासूबाई म्हणाल्या. मी सांगितले, गोळी दिलीत तर बाळाला घेऊन धुळ्याच्या नोकरीवर परत जाईन. (हे त्या वेळी उठून गोठ्यात गेले. गाईला काही झाले नव्हते.)

मग मऊ भात देते म्हटले, तर त्यालाही बंदी. उष्टावण झाल्याशिवाय, म्हणजे मामाने चांदीच्या वाटीतून खीर चाटवल्याशिवाय, अन्न तोंडाला लागायचे नाही. आणि मामा शिरपूरला जिनातल्या कापसात बुडालेले. दोष देत नाही, वस्तुस्थिती लिहिते.

तेव्हा मी सासूबाईंना विचारले, एकादशीला तुम्ही केळे खाता, ते अन्न नव्हे ना? नव्हे, म्हणाल्या. मग त्यालाही नव्हे. त्यांनी सुपातली निवडलेली डाळ पुन्हा निवडायला घेतली. त्या दिवसापासून बाळ केळे, उकडलेले रताळे, भगरीची पेज असे उपासाचे सगळे खातो आणि रात्रभर झोपतो.

जिंकले असे मी समजले. पण पोर अन्नाला शिवत नाही हे शेजारच्या भागाबाईंनी पाहिले. "हाऊ पोऱ्या साधू शे," त्यांनी गल्लीला सांगितले. आता बायका त्याच्या पाया पडायला येतात. (तो लाथा मारतो. त्याही आशीर्वाद म्हणून घेतात.) आणि उष्टावणाआधी अन्न नको म्हणणाऱ्या सासूबाई आता उष्टावणच नको म्हणतात. व्रत मोडेल म्हणे. माझ्या मुलाला डाळ, भात, भाकरी हवी, मठ नको. उष्टावण होणार आणि मामाच करणार, असे मी सर्वांसमक्ष सांगून टाकले आहे.

तुमची,
कुंदा

ता. क. म्हणून येत्या रविवारी या. जिन एक दिवस तुमच्यावाचून चालेल. चांदीची वाटी नसली तरी हरकत नाही, मामा हवा.

आणखी एक. खीर चाटवताना बायकांकडे पाठ करून बसा. तो सराईतासारखा तोंड उघडेल. गेले काही दिवस मी दार लावून त्याला वरणभात भरवते आहे.

शेवटचे. एवढे लिहून होते तोच सासूबाई त्याला परसातून घेऊन आल्या. त्याच्या हनुवटीला दुधात कुस्करलेली भाकरी लागली होती. मी पदराने पुसली. त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटले, "तुना भाऊले लवकर बलाव."