उशीचं वाक्य

ब्रॅकनेल, रविवार

प्रिय अर्चना,

स्पेन या देशाविरुद्ध मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे, आणि ओळखीत स्पॅनिश शिकवणारी तू एकटीच असल्यामुळे ती तुझ्याकडेच नोंदवतो. चार रात्रींचे पूर्ण पैसे घेऊन तिथली हॉटेलं खोलीत किटली ठेवत नाहीत. टॉवेलचे हंस करून ठेवतात, पण किटली नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला मी हातवारे करून उकळतं पाणी समजावलं, तर तिने मला स्विमिंग पूल दाखवला. बत्तीस मराठी माणसं, प्रत्येकाच्या बॅगेत चहाचा मसाला, आणि पाण्याला कढ नाही. एवढ्या समुद्रांवर हुकूम चालवलेल्या देशाची ही गत! इंग्लंडात पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस साम्राज्यं किटलीवरून जोखायला लागतो, हे माझ्या तिथेच लक्षात आलं.

बारा वर्षांत आपण एकमेकांना दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलेलं नाही. तेव्हा सांगतो, ही सहल आपल्या मराठी मंडळाची होती. मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नंदूने (तो आता अध्यक्ष आहे आणि आवाजही अध्यक्षांसारखा काढतो) स्पेन निवडलं. निवडीचं कारण तुला आवडणार नाही. बारा वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकातला तो स्पेनवरचा लेख. माझा म्हणून ओळखला जाणारा. बसमध्ये नंदूने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "चला, यतीनचं ते उशीचं वाक्य होऊन जाऊ दे!" आणि बसने एका सुरात म्हटलं की स्पॅनिश लोकांनी अरबांना देशाबाहेर काढलं, पण रात्री डोकं टेकतात ते अजून अरबी शब्दावरच. टाळ्या पडल्या. मी मान लववली. बारा वर्षांचा सराव आहे.

कॉर्डोबाची ती मशीद तू पाहिली आहेस, म्हणून वर्णन करत नाही. लाल-पांढऱ्या कमानींच्या रांगांमधून चालत राहिलो, आता संपेल म्हणेपर्यंत पुढे आणखी खांब. आणि मग एकदम, बरोब्बर मधोमध, एक अख्खं चर्च उभं. मधुमतीकाकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे बदललेले, काठी टेकत तिथवर आल्या, वर पाहिलं, आणि मोठ्याने विचारलं, "अरे, एवढी जागा आहे ना बाजूला? मग मधोमधच का बांधलं यांनी?" गाइड म्हणाला, तेव्हा तशी पद्धत होती. काकू म्हणाल्या, "पद्धत कसली, खोड म्हण." कुणी हसलं नाही. बत्तिसांपैकी प्रत्येकाला आपल्याकडचं काहीतरी आठवलं असणार आणि प्रत्येकाने ते गिळून टाकलं. मला मात्र आपल्याकडचं काही आठवलं नाही. मला माझंच आठवलं.

परत आल्यावर माळ्यावरून जुन्या अंकांची फाइल काढली. तुझा मूळ लेख तिच्यातच होता. फुलस्केपची नऊ पानं, हिरव्या शाईत, समासात शाळेच्या सवयीने आखलेली रेघ. बारा वर्षांत मी तो पहिल्यांदा सलग वाचला. हो, पहिल्यांदा. तेव्हा वाचलाच नव्हता, एडिट केला होता.

काय लिहिलं होतंस गं तू! जानेवारी १४९२ मध्ये ग्रानाडा पडलं, आणि त्याच वेढ्यासाठी उभारलेल्या छावणीत तीन महिन्यांनी, पश्चिमेकडून हिंदुस्थान गाठतो म्हणणाऱ्या एका खलाशाशी करार झाला. पिढ्यान्पिढ्या शेजाऱ्याशी लढत राहिलेल्या लोकांचा शेजारी संपला, पण लढायची सवय शिल्लक राहिली, तेव्हा त्यांनी तीच सवय जहाजात भरली. त्या जहाजावर दुभाषा नेला तो थोडीफार अरबी जाणणारा, कारण परका म्हणजे अरबी बोलणार, एवढीच त्यांची कल्पना. बिचारा क्यूबाच्या जंगलात जाऊन कुणाशी काय बोलला असेल! आणि पुढे मेक्सिकोत देवळं दिसली, तर त्यांना ते 'मशिदी' म्हणाले. नवं जग त्यांनी पाहिलंच नाही, जुन्याच भांडणाच्या चष्म्यातून जिंकलं, हे तू आठव्या पानावर लिहिलंस, एकही विनोद न करता. शेवटी उशीची ओळ. तीसुद्धा तुझी विनोदी नव्हतीच. तुझ्या वर्गातल्या एका मोरोक्कन मुलीने उशीचा स्पॅनिश शब्द, 'आल्मोआदा', पहिल्यांदा ऐकला आणि 'मिस, हा तर माझ्या आजीचा शब्द आहे' म्हणून ती रडली, त्यावरून तुला ती सुचली होती.

त्या मुलीला मी कापलं. जागा नव्हती. जागा का नव्हती, तर मधोमध माझे टोमणे घालायचे होते: इलिंग रोडवरचा भाजीवाला, व्हिसा ऑफिसातली रांग, मराठी माणसाचा सोफा. मग वर माझं नाव आणि तळाला बारीक टायपात 'माहिती साहाय्य: अर्चना, क्रॉयडन'. आपल्या मंडळाच्या अंकांत ही रीतच आहे: बाईने लिहायचं, कुणीतरी 'शब्दांकन' करायचं. अंक हातात पडल्यावर तू फोन केलास आणि म्हणालीस, "छान झालाय रे अंक. या वेळी टायपिंगच्या चुका कमी आहेत." मी ते कौतुक समजलो. पुढच्या वर्षी लेख मागितला तर म्हणालीस, "मला कुठे लिहिता येतं? मी आपली माहिती पुरवते." तेव्हा समजलं, पण तोवर लोक मला कार्यक्रमांना बोलवायला लागले होते. त्यानंतर तू एक ओळ लिहिली नाहीस, आणि तुला न लिहिण्याचं कारण कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच नाही.

आता मंडळाचं रौप्यमहोत्सवी पुस्तक निघतंय, निवडक लेखांचं. संपादक मीच. पहिला लेख तोच. गेल्या शनिवारी वेम्बलीला कमिटीपुढे मी सांगितलं की तो लेख माझा नाही, उशीचं वाक्यही नाही. नंदू म्हणाला, "अरे, पण लोकांना तुझाच माहीत आहे, आता कशाला उकरतोस?" मी म्हटलं, मलाही इतकी वर्षं माझाच माहीत होता. काकू एवढंच म्हणाल्या, "मग तिला विचारलंस का?" अर्चना, मी विचारलं नव्हतं. तुझी नऊ पानं तुझ्या नावाने, मोरोक्कन मुलीसकट टाइप करून, प्रेसला मेल करायच्या तयारीत होतो. तुला पुस्तक पाठवून आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत होता. म्हणजे पुन्हा तेच. तुझ्या सहाव्या पानावरचे ते लोक किनाऱ्यावर उतरून स्पॅनिशमध्ये जाहीरनामा वाचायचे. समोरच्याला अक्षर कळायचं नाही, वाचणाऱ्याचं मात्र समाधान व्हायचं. माझा माफीनामाही त्याच जातीचा झाला असता. घरी मनीषा म्हणाली, "पत्र लिही, हाताने. मेल केलास तर त्यातही विनोद घालशील." पत्रातही घातलेत, पण निदान त्यांच्यासाठी तुझं काही कापलेलं नाही.

म्हणून हे पत्र. माझा लेख मी पुस्तकातून काढला आहे. ते झालं, त्याला तुझ्या परवानगीची गरज नव्हती. तुझा लेख घालायचा की नाही, हे तू ठरवायचं. प्रेस पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबेल. नाही म्हणालीस, किंवा उत्तरच दिलं नाहीस, तर पुस्तक त्या लेखाशिवाय निघेल, आणि का, हे मी प्रस्तावनेत माझ्या नावानिशी लिहीन. बत्तीसच्या बत्तीस जणांना उशीचं वाक्य कुणाचं ते काल कळवलं. तुझी हिरव्या शाईची नऊ पानं या पाकिटात आहेत. मी झेरॉक्स ठेवलेली नाही आणि टाइप केलेली फाइल पुसून टाकली आहे. उद्या सकाळी पोस्टात जाऊन सही घेऊन देतात त्या टपालाने पाठवतो, म्हणजे ती तुझ्याच हातात पडतील.

तुझाच,
यतीन