आडवा धागा

बाबा, मागच्या महिन्यात मी डोळे तपासायला गेले. वर्षभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं, संगणकासमोर बसून संध्याकाळी ते लालभडक व्हायचे. डॉक्टरीणबाईंनी पंख्यासारख्या पसरलेल्या रेघा दाखवल्या आणि विचारलं, सगळ्या सारख्याच दिसतात का? मी म्हणाले, "उभ्या दिसतात, आडव्या पुसून जातात." हे तुमचं वाक्य होतं.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. तुम्ही मागावर बसला आहात, मान वाकडी करून साडीचा काठ बघताय. आडवे धागे सुटलेत म्हणून व्यापाऱ्यानं आणखी एक साडी परत पाठवली आहे. "उभा धागा दिसते, आडवा पुसून जाते," तुम्ही म्हणता. आई चुलीपासूनच बोलते, "आतापर्यंत दिसे, आताच कायले पुसून राहिला? तुमचं मनच नाही लागून राहिलं कामात." शहापूरच्या डोळे तपासणी शिबिरातून तुम्ही जवळचं वाचायचा तयार चष्मा आणलात. त्यानं काही फरक पडला नाही, तेव्हा तुम्हीही आईचंच खरं मानलं. माग विकला, राईस मिलमध्ये पोती उचलू लागलात. कोंड्यानं डोळे चुरचुरायचे आणि तुम्ही दुपट्ट्यानं ते चोळत बसायचात. शेवटपर्यंत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा गोल नाही, एका बाजूनं जास्त वाकलाय. साधा नंबर चालत नाही, सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेनं वाकवलेल्या काचेचा लागतो, तोही नेमक्या कोनात बसवलेला. खुपतं ते कोरडेपणानं. थेंब घाला, पापण्या मिटत राहा, चोळू नका, चोळून आकार आणखी बिघडतो.

"खुपणं जाईल ना?"

"चष्म्यानं दिसेल. खुपणं सांभाळत राहावं लागेल."

चष्मा आला. दिसतं. थेंब घातले की घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. हात आपोआप डोळ्यांकडे जातो, मी तो मांडीखाली दाबून बसते.

तपासून आले त्या दिवशी आई दारातच होती. "काय म्हणली डॉक्टरीन?" मी म्हटलं, "नंबर आला." शेजारणीला ती अजूनही सांगते, "त्यायचं मनच उठलं होतं मागावरून." दोष मनाचा नव्हता, डोळ्यांचा होता, हे सांगितलं तर तुमच्यावरचा बोल जाईल, पण या वयात तो सगळा तिच्यावर पडेल. दोनदा तोंड उघडलं, दोनदा चहा मागितला. तिला सांगणं मला जमणार नाही, बाबा. तुम्हाला लिहिते, कारण तुम्ही तिला सांगणार नाही.